कोर्स बनवणाऱ्यांनी एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली 'घरबसल्या शिका, सर्टिफिकेट मिळवा' वाली जाहिरात नाही असा दिवस जात नाही. त्याबद्दल तक्रार नाही, पेपर चालायला जाहिराती लागतातच. पण हे कोर्स शिकणार कोण, तर आमच्यासारखी चाळीशी-पन्नाशीची माणसं, आणि आम्ही ते कसे 'शिकतो' हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. लांबलंय जरा, कापायचं तर कापा.

परवा रात्रीची गोष्ट. ओट्यावर कुकर, शेजारी मिठाच्या बरणीला टेकवून उभा केलेला मोबाईल, त्यात एक सूटबूटवाला बोलतोय आणि आवाज बंद. बायको कणीक मळतीय आणि दर दोन-तीन मिनिटांनी कोपरानं स्क्रीनला टच करतीय, कोपरानं कारण हात कणकेचे. टच नाही केलं तर स्क्रीन झोपते, स्क्रीन झोपली की व्हिडीओ थांबतो, आणि कधीकधी परत पहिल्यापासून सुरू होतो. व्हिडीओ ४७ मिनिटांचा, पुढं ढकलायची सोय बंद करून ठेवलेली. ती फिल्डवरची नोकरी करते, हे तिथलंच ट्रेनिंग, खात्याचं नाव लिहीत नाही कारण सगळ्या खात्यांत हीच तऱ्हा आहे. मी विचारलं, काय सांगतोय तो? तर म्हणाली, "मला काय माहीत, संपू दे म्हणजे झालं." शेवटी दहा प्रश्न, त्यांची उत्तरं ग्रुपवर दुपारीच येऊन पडलेली, १-ब, २-क, ३-ब, ४-वरील सर्व. (अशा परीक्षेत 'वरील सर्व' हा पर्याय दिसला की डोळे झाकून तोच टिक करायचा, चुकत नाही, हे आमच्या घरात आता लहान पोरालाही माहितीय.) मग सर्टिफिकेटची पीडीएफ, ती ग्रुपवर, खाली साठ अंगठे. मी गमतीनं म्हटलं, मग काय शिकलीस? म्हणाली, "अहो, सर्टिफिकेट डाऊनलोड करायला शिकले की."

तर आळशी कोण, ती का? हीच बाई शेजारणीकडून ऐकून बँकेचं ॲप एका संध्याकाळी शिकली, कारण गॅसची सबसिडी आली का ते बघायचं होतं.

माझं सांगतो म्हणजे मी का बोलतोय ते कळेल. वाईजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता, एमएस-सीआयटी २००१ ला सुरू झालं आणि त्यानंतर लगेच आम्ही सेंटर घेतलं. पोरं-पोरी यायच्याच, पण आमचा खरा धंदा मोठ्या माणसांवर चालायचा. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, हायस्कूलचे क्लार्क, सगळे पोटतिडकीनं नाही तर वेतनवाढ अडकेल म्हणून यायचे. पहिल्या दिवशी माऊस हातात दिला की टेबलाची कड येईपर्यंत सरकवत न्यायचे आणि मग माझ्याकडं बघायचे, आता पुढं जागा नाही, काय करू? उचलून परत मधे ठेवायचा हे सांगावं लागतं, पुस्तकात ते नसतं. पत्त्यांचा गेम लावून द्यायचो, पत्ता धरून ओढून दुसऱ्या पत्त्यावर ठेवायचा, तासाभरात माऊस हाताला बसायचा. पण एक गुरुजी तो गेम खेळायला तयारच होईनात, खिडकीतून विद्यार्थ्यानं बघितलं तर काय म्हणेल, गुरुजी क्लासला जाऊन पत्ते खेळतात!

त्यातले एक हेडक्लार्क होते, आम्ही सगळे नाना म्हणायचो. वय ५४. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, सकाळी सातला येऊ का, पोरांच्या आधी. का तर त्यांच्याच शाळेतली पोरं साडेआठच्या बॅचला होती. दीड महिना मी सकाळी सातला शटर उघडलं. तेव्हा मला वैताग यायचा, आता वाटतं त्या सातच्या वेळेनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या ट्रेनिंगनं नाही. मोठ्या माणसाचं शिकणं दोन गोष्टींवर अडतं, लाज आणि वेळ. बुद्धीवर क्वचितच.

नानांचा एक किस्सा सांगायलाच पाहिजे. एक्सेलला आले तेव्हा पुस्तकातलं उदाहरण होतं कुठल्यातरी कंपनीच्या विक्रीचं, चार झोन, चार तिमाही. नाना नुसते बघत बसायचे. एक दिवस मी म्हटलं, नाना तुमचं पगारबिल आणा. दुसऱ्या दिवशी आणलं, ३४ जणांचा स्टाफ, हातानं लिहिलेलं, अक्षर मोत्यासारखं. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, कपाती, सगळं भरलं, फॉर्म्युला लावला, खाली बेरीज घेतली. नानांनी कागदाशी ताडून बघितलं आणि चष्मा काढून म्हणाले, "तुमच्या मशीनला बेरीज येत नाही. दोन रुपये कमी आहेत." मी हसलो. म्हटलं नाना, कॉम्प्युटर चुकत नसतो. ते म्हणाले, मी बावीस वर्षं आडवी-उभी बेरीज जुळवतोय, चुकलंय. आणि खरंच जुळत नव्हतं! भत्ता काढला की पैसे निघतात, सेलमध्ये आम्ही फक्त रुपये दिसतील असं फॉरमॅट केलेलं, म्हणजे दिसायला पूर्ण रुपये पण आतमध्ये पैसे तसेच, आणि बेरीज आतल्या आकड्यांची व्हायची, दिसणाऱ्यांची नाही. मला स्वतःला हे शोधायला अर्धा तास लागला. मग राऊंडचा फॉर्म्युला घातला आणि आकडा जुळला. नाना ते राऊंड आयुष्यात विसरले नाहीत, पुढं दुसऱ्या शाळांच्या क्लार्कांना तेच शिकवायला लागले, आणि सातची बॅच सोडून साडेआठच्या पोरांत येऊन बसायला लागले.

आता या ठिकाणी ४७ मिनिटांचा व्हिडीओ असता तर? नानांना माहीत असलेलं बावीस वर्षांचं पगारबिल त्या व्हिडीओला कुठून माहीत असणार, त्याला चार झोन चार तिमाहीच माहीत.

मी काही फार मोठा अभ्यासू नाही, पण क्लास बंद पडल्यावर रिकामपणात थोडं वाचलं. मोठ्या माणसांच्या शिकण्याला इंग्रजीत एक वेगळा शब्दच आहे, अँड्रागॉजी. तो पहिल्यांदा १८३३ ला अलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकानं वापरला आणि १९६८ पासून अमेरिकेत माल्कम नोल्स यांनी तो गाजवला. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं, की मोठ्या माणसाला आधी 'हे मला कशाला पाहिजे' याचं उत्तर लागतं, त्याला स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायची सवय असते, तो रिकामा येत नाही तर अनुभवाचं गाठोडं घेऊन येतो, आणि विषय शिकायला नाही तर अडलेलं काम सोडवायला येतो. नानांचंच वर्णन केल्यासारखं वाटलं मला. नोल्सनी १९७० ला मोठ्यांचं विरुद्ध लहानांचं असं मांडलं होतं आणि १९८० ला स्वतःच ते मवाळ केलं, की बाबा अशी भिंत काही नसते, पोरंही कधीकधी अशीच शिकतात. हे मला आवडलं, आपलं म्हणणं बदलणारे कमी असतात.

आणि यासाठी अमेरिकेलाच जायला पाहिजे असंही नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ ला कामकरी आणि शेतकरी लोकांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवसा माणूस कामावर. एवढी साधी गोष्ट, आधी माणसाचा दिवस बघितला मग शाळेची वेळ ठरवली. आमच्या सातारा जिल्ह्यात १९५९ ला ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती पुढं राज्यभर गेली. गाव आपली जबाबदारी समजून मोठ्यांना शिकवायचं. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया अशाच कंदिलाच्या उजेडात सही करायला शिकल्या, आजीची सही शेवटपर्यंत तिरकी होती पण अंगठा तिनं परत कधी लावला नाही. आणि १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. इंटरनेटचा पत्ता नव्हता तेव्हा पोस्टानं पुस्तकं, अभ्यासकेंद्र, रविवारचं संपर्क सत्र. दहावी-बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी करून बी.ए.ला घेतलं. माझ्या क्लासच्या शेजारचा एसटी कंडक्टर डबल ड्युटी करून तिथून ग्रॅज्युएट झाला, पुस्तक कायम तिकिटाच्या पेटीत. म्हणजे लांबून शिकवणं आपल्याला येत नव्हतं असं नाही हो, येत होतं.

मग बिघडलं कुठं? मला वाटतं कोर्स शिकणाऱ्यासाठी बनणं बंद झालं आणि हजेरी मोजणाऱ्यासाठी बनायला लागला, तिथं. व्हिडीओ पुढं ढकलता येऊ नये हे कुणाच्या सोयीचं? वर रिपोर्ट पाठवायचा असतो ना, इतक्या जणांनी इतके तास बघितलं, त्याच्या सोयीचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे, हेतू चांगलाच आहे, पण तासात मोजायला लागलात की लोक तास भरून देतात. तुम्ही लिटरमध्ये दूध मोजायला लागलात की पाणी कुठून येतं ते डेअरीवाल्यांना विचारा. आणि गंमत म्हणजे ज्याला ते आधीच येतं त्याला सुटका नाही. माझी बहीण नर्स आहे, सव्वीस वर्षं सर्व्हिस, तिला हात कसे धुवायचे हा व्हिडीओ पूर्ण बघावा लागला, शिकाऊ पोरींबरोबर. आधी परीक्षा द्या, पास झालात तर पुढं जा, एवढं एक बटण ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? ताई म्हणाली, व्हिडीओतल्या पोरीनं घड्याळ काढलं नव्हतं हात धुताना, पण ते सांगायला खाली जागाच नाही.

फुकटच्या मोठमोठ्या कोर्सेसचं तरी वेगळं काय आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाईन कोर्सेसचे आकडे २०१९ ला छापून आले होते, २०१७-१८ ला नाव नोंदवलेल्यांतले शंभरात साधारण तीन जण शेवटपर्यंत पोचले. तीन! पण ज्यांनी फी भरून आपण पूर्ण करणार असं ठरवलं होतं त्यांच्यात हाच आकडा ४६ होता. लोक पहिला आकडा सांगून ऑनलाईनला नावं ठेवतात, मला ते अर्धवट वाटतं, कारण त्या ९७ मधले कितीतरी जण हवं तेवढं घेऊन गेले असतील. मी स्वतः एका कोर्सात फक्त चौथा धडा बघायला शिरलो, पाहिजे ते मिळालं, बाहेर आलो, तिथं माझी नोंद 'अपूर्ण' अशी आहे आणि वर महिना झाला मेल येतायत की तुमची प्रगती थांबली आहे. हार्डवेअरच्या दुकानात एक खिळा घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार म्हणतो का, अख्खं दुकान न घेता चाललात, नापास?

बरं मग व्हिडीओ छोटे करा म्हणतात. बरोबर आहे, २०१४ ला एडएक्स या ऑनलाईन कोर्सेसच्या साईटवरच्या ६९ लाख वेळा बघितलेल्या व्हिडीओंचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की व्हिडीओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत. हे कळल्यावर आपल्याकडं काय केलं, तर तोच ४७ मिनिटांचा व्हिडीओ आठ तुकड्यांत कापला, भाग १ ते भाग ८, आणि प्रत्येक भागाच्या सुरवातीला तेच म्युझिक आणि तोच लोगो फिरत येतो. ऊस कापून कांडकी केली म्हणून रस होत नाही, चरकात घालावा लागतो. चरक म्हणजे माणसाला स्वतः आठवायला लावणं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ ला कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग छापला होता, एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं, पण आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. म्हणून तर आपण संध्याकाळी पाढे म्हणायचो, नुसते बघायचो नाही. आणि विसरायचं म्हणाल तर एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ ला स्वतःवरच प्रयोग करून दाखवलंय की बरचसं विसरणं पहिल्या एक-दोन दिवसांतच होतं. मग रविवारी एका बैठकीत कोर्स 'संपवून' सोमवारी सर्टिफिकेट देण्यात काय अर्थ आहे, त्यापेक्षा दोन दिवसांनी एक प्रश्न, आठवड्यानं एक, महिन्यानं एक, व्हॉट्सॲपवर पाठवा, फुकट आहे ते.

एक सांगून ठेवतो, कोर्स विकणारे लोक हमखास म्हणतात की कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून, तर आमचा कोर्स तुमच्या स्टाईलप्रमाणं. २००८ ला चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं सगळं संशोधन चाळून बघितलं आणि त्यांना त्याला पुरेसा आधार सापडला नाही. असं कुणी म्हणालं की पाकीट खिशात ठेवा.

आता माझी स्वतःची फजिती, नाहीतर म्हणाल दुसऱ्याला नावं ठेवायला सोपं असतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मला वाटलं आपण पण करूया, बचत गटाच्या बायांसाठी डिजिटल व्यवहाराचा कोर्स. २७ व्हिडीओ केले. पहिला व्हिडीओ, कॉम्प्युटरचा इतिहास, चार्ल्स बॅबेज. दुसरा, इनपुट-आऊटपुट. वीस वर्षं मोठ्या माणसांना शिकवलेला मी, कॅमेऱ्यासमोर बसलो आणि माझ्या अंगात पाठ्यपुस्तक शिरलं. तिसऱ्या व्हिडीओच्या पुढं दोघीच गेल्या, त्यातली एक माझी वहिनी. मी मनात म्हटलं, यांना शिकायचंच नाही. आणि मग एका मसालेवाल्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला, अजून जपून ठेवलाय: "दादा, ते बॅबेज राहू द्या. गिऱ्हाईक म्हणतं पैसे टाकले, मोबाईल दाखवतं, हिरवी टिक असती, पण माझ्यात आले का नाय ते कसं बघायचं?"

मी २७ व्हिडीओ डिलीट केले. खरं म्हणजे केले नाहीत, जीव होईना, पण बाजूला टाकले. आणि पहिला धडा केला तीन मिनिटांचा, गिऱ्हाईकानं दाखवलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत, आपलं ॲप उघडून आपली हिस्टरी बघायची. त्याच्याही आधी दोन फोटो टाकले, एक खऱ्या पेमेंटचा आणि एक मी बनवलेला खोटा, ओळखा. बहुतेक सगळ्या चुकल्या, आणि चुकल्या म्हणून पुढं बघायला बसल्या. लाल फुली नाही ठेवली, त्या जागी ठेवलं, 'अडीचशे गेले असते, परत बघा.' दुसरा धडा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. एवढंच एक वाक्य. पण त्याच्यावर गृहपाठ असा की जोडी करायची आणि एकमेकींना एक रुपया पाठवायचा, परत मागायचा, आणि कधी पिन विचारला ते मला सांगायचं. आठ दिवस नुसता तो एक रुपया गावभर फिरत होता. पुढं ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर सुरू झाला, तेव्हा तो गल्ल्याच्या झाकणावर खडूनं लिहून त्याचा फोटो पाठवायचा. फोटो आले, एकीनं तर डब्यावर रंगानं लिहिला.

लाजेचं काय केलं ते सांगतो कारण ते कुठल्या डिझाईनच्या पुस्तकात मी बघितलेलं नाही. ग्रुपवर कुणी प्रश्न विचारत नव्हतं. का, तर सरपंचबाई ग्रुपमध्ये, जाऊ ग्रुपमध्ये. मग ठरवलं, प्रश्न मला एकट्याला पाठवायचा, बोलून, टाईप नाही. मी तो नाव न सांगता ग्रुपवर टाकणार, 'एका ताईंनी विचारलंय'. पहिल्या रात्री एक आला, चार दिवसांत रोज दहा-बारा. बऱ्याचदा एकच प्रश्न चौघींनी वेगवेगळा पाठवलेला, प्रत्येकीला वाटत होतं फक्त आपल्यालाच येत नाही. आणि वेळ? मी आधी रात्री आठला टाकायचो, तेव्हा मोबाईल पोराकडं किंवा नवऱ्याकडं. विचारल्यावर कळलं की दुपारी दोन ते साडेतीन, भांडी झाल्यावर आणि पाणी यायच्या आधी. ते मी विचारलंच नव्हतं आधी. मोबाईलची जागा तर कायम फुल, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी, त्यामुळं व्हिडीओ डाऊनलोड होईना, मग प्रत्येक धड्याचा नुसता ऑडिओ पण टाकायला लागलो. पोळ्या लाटताना ऑडिओ ऐकता येतो, कोपर लागत नाही.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मराठीत कोर्स उपलब्ध म्हणतात आणि उघडला की 'आपला संकेतशब्द प्रविष्ट करा', 'दुव्यावर टिचकी मारा'. आमच्या ताईंना पासवर्ड कळतो, लिंक कळते, ओटीपी तर स्वप्नात कळतो, संकेतशब्द म्हटलं की त्यांना वाटतं कोडं घातलंय. मी मराठीचा अभिमान असलेला माणूस आहे, पण जो शब्द बाजारात चालतो तो धड्यात चालू द्या, शिकणाऱ्याला एका वेळी एकच नवी गोष्ट द्यावी, कामही नवं आणि शब्दही नवा असं दोन्ही नको.

मला माहितीय यावर काय उत्तर येणार. लाखो लोकांना ट्रेनिंग द्यायचं असतं, प्रत्येकाचं पगारबिल मागवत बसायचं का, प्रत्येकीला दुपारी दोनला फोन करायचा का. आणि लोकांना खरंच फक्त सर्टिफिकेट पाहिजे असतं. दोन्हीत थोडं खरं आहे. सर्टिफिकेटवर बढती अडत असेल तर माणूस सर्टिफिकेटच बघणार, मीही तेच केलं असतं. पण लाखो लोकांसाठी करताय म्हणूनच आधी पन्नास जणांकडं जाऊन बसा की, एक दिवस त्यांच्याबरोबर फिल्डवर फिरा, कुठं अडतं ते बघा, आणि मग कॅमेरा लावा. तुम्ही उलटं करता, आधी कॅमेरा, मग माणसं. जोडी लावायला पैसे लागत नाहीत. आधी परीक्षेचं बटण ठेवायला लागत नाहीत. शेवटी 'वरील सर्व' वाले दहा प्रश्न विचारण्याऐवजी 'तुमच्या रजिस्टरच्या आजच्या पानाचा फोटो पाठवा आणि यातली एक चूक तुम्हीच शोधा' असं सांगितलं तर त्याचं उत्तर ग्रुपवर कॉपी करता येत नाही, प्रत्येकाचं पान वेगळं. तपासायला माणूस लागेल हे खरं, पण दर तालुक्याला एक नाना असतोच, त्याला विचारा, तो आनंदानं तपासेल, वर चहा तो पाजेल.

आणि पुढं ढकलायचं बटण तेवढं परत द्या बुवा. ज्याला बघायचंय तो बघणारच आहे, आणि ज्याला नाही तो आवाज बंद करून कणीक मळतोय.

हे पत्र टाईप करायला बसलो तेव्हा आतून आवाज आला, "अहो, जरा बोट लावा की त्याला, माझे हात खराब आहेत." मॉड्यूल चार, अजून १२ मिनिटं बाकी. दोनदा उठून बोट लावून आलोय.

आपला,
एक जुना क्लासवाला
ता. वाई, जि. सातारा